चौदा आण्यांची कॅबर्ने

बोटीवर नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. बॅगेच्या तळाशी साबणाच्या छोट्या वड्या जमतात ना, तसे ते आपोआप जमतात. घरी येऊन बॅग उघडली की बायको विचारते, "हे एवढं कुठून आणलंत?" आणि आपल्याला खरंच सांगता येत नाही!

पण गेल्या आंब्याच्या सीझनला आमच्या चौघांत जे किस्से साठले, ते कुठून आले हे मी नीट सांगू शकतो. तुम्ही खुशाल हसा. आम्हीही हसलो, पण बऱ्याच उशिरा.

आधी माणसं सांगतो. भाई, म्हणजे दत्ताराम भाई. मूळचे बुरोंडीचे, कोळ्याच्या घरातले, आता सासरवाडीच्या गावात पावसला घर बांधून राहिलेले. क्रूझवर हेड वाइन स्टुअर्ड, म्हणजे कोणाला कुठली वाइन द्यायची ते ठरवणारे. मी, बाळ्या, त्यांच्याच बोटीवर वेटर म्हणून लागलो, डायनिंग रूमचा सुपरवायझर होऊन कायमचा उतरलो, आणि आता पावसला चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. अण्णा आमचा शेजारी. हापूसच्या कलमांत जन्म गेलेला माणूस, बोट त्याने फक्त किनाऱ्यावर उभं राहून बघितलेली. चौथ्या सुलभावहिनी, भाईंच्या पत्नी.

अण्णाच्या बागेत जांभ्या दगडाचा मांगर आहे, म्हणजे आंबे ठेवायची खोली. आत आंब्याची आढी, बाहेर ओटा. रविवारी सकाळी आमची बैठक त्या ओट्यावर. पाचव्या एक मॅडम आहेत, पण त्या लॅपटॉपमधून येतात.

*

भाईंचं नाक काय होतं ते आधी ऐका.

आढी माहीत असेलच. झाडावरून काढलेले आंबे भाताच्या पेंढ्यात थरावर थर मांडून पिकत ठेवतात. एक जरी आंबा आत कुजला तरी शेजारच्यांना घेऊन जातो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी अख्खी आढी उलटावी लागते. अण्णा या बाबतीत भलता कडक. त्याच्या आढीत डागी आंबा सापडला असं कोणी म्हटलं तर तो आठवडाभर बोलत नाही.

तर भाई एकदा सुट्टीवर आलेले. मांगरात पाऊल टाकलं, आणि दारातच थांबले.

"अण्णा, तिसऱ्या थरात एक गेलाय. उजव्या कोपऱ्याला."

"माझ्या आढीत? काल उलटलीय मी!"

"असेल. पण गेलाय."

अण्णाने रागारागात दोन थर उचलले. तिसऱ्यात, उजव्या कोपऱ्यात, देठाशी काळा पडलेला एक आंबा निघाला! वरून बघितलं तर कोणाला कळलाही नसता.

अण्णा तो आंबा हातात धरून ओरडला, "ह्या माणसाला घरात घेऊ नका! उद्या माझ्या मनात काय कुजतंय तां पण सांगंल!"

*

बोटीवरचा एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आमची बोट पॅसिफिकच्या किनाऱ्याने जायची. एका टेबलावर कॅलिफोर्नियाचं म्हातारं जोडपं. आजोबा बोलके म्हणजे किती? सूप गार होईपर्यंत मला त्यांच्या शाळेच्या मास्तरांची नावं पाठ झाली होती! त्यांनी रेड वाइन मागवली. "कॅलिफोर्नियाची कॅबर्ने. पण माझे वडील प्यायचे तशी."

ज्युनियर स्टुअर्डने लिस्टमधली सगळ्यात भारी बाटली नेली. परत. दुसरी नेली. परत. तिसरीच्या वेळी आजोबा चिडले. "हा जॅम आहे! मी वाइन मागितली!"

त्यांचंही खरं होतं. तिकडे आता द्राक्षं वेलीवर गच्च पिकू देतात, मग नव्या लाकडाच्या पिंपात वाइन मुरवतात. ती जड होते, गोडसर लागते, घशात ऊब देते. लोकांना आवडते. पण पूर्वी अशी नव्हती. पूर्वीची हलकी, तुरट, आंबटसर, जेवणाबरोबर दुसरा ग्लास मागावासा वाटेल अशी. आजही काही हट्टी लोक ती तशी बनवतात, पण शोधावी लागते, आणि लेबलवर हे कोणी लिहीत नाही.

भाई स्वतः खाली वाइनच्या सेलरमध्ये गेले. कोणी मागत नाही म्हणून कोपऱ्यात पडलेली एक बाटली घेऊन आले. ग्लासात ओतून म्हणाले, "पेन्सिलीचं लाकूड. काळं बोर. थोडी ओली माती. ही आवाज न करता बोलते, सर."

आजोबांनी घोट घेतला आणि गप्प झाले. दुसरा घेतला. तरी गप्प. डोळ्यांत पाणी.

आजींनी भाईंची बाही धरली. "चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा गप्प बसलेत! काय दिलंत यांना? घरी न्यायला मिळेल?"

*

पुढे भाईंना बोटीवरच ताप आला. साधा नाही, शुद्ध हरपण्याइतका. पुढच्या बंदरावर त्यांना स्ट्रेचरवरून उतरवलं. बरे होऊन घरी आले, वजन अर्ध्यावर आलेलं. कंपनीने रजा दिली, आणि आठ महिन्यांनी मेल आला.

वाइनच्या नव्या प्रमुख मॅडम आल्या होत्या. जुन्या-नव्या सगळ्या स्टुअर्डांची त्या परीक्षा घेणार होत्या. चार छोट्या बाटल्या कुरियरने घरी येणार, फक्त नंबर घातलेल्या. चारही कॅबर्ने. त्यात कॅलिफोर्नियाची, पण जुन्या वळणाची, एकच. व्हिडिओ कॉलवर ती ओळखायची आणि तिचं वर्णन करायचं. मेलमध्ये कारणही होतं. वयस्कर प्रवासी हीच वाइन मागतात आणि आपले लोक दरवेळी चुकीची नेतात! ओळखली तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट. नाही तर आभार.

मी म्हटलं, "भाई, हा तर तुमचाच पेपर आहे!"

भाई हसले. पण ते हसू लवकर संपलं. मला तेव्हा कळायला हवं होतं.

*

सरावासाठी बाटली हवी. रत्नागिरीत अशी कुठून मिळणार? आमच्या बोटीवरचा जयगडचा एक जुना सहकारी सुट्टीवर येत होता, त्याने येताना एक आणली. हुबेहूब त्याच वळणाची, नव्या सालातली. एकच बाटली, आणि परीक्षेला वीस दिवस.

भाईंनी लेबल वाचलं. "चांगलीय. पण अजून कच्ची आहे. खरं तर चार वर्षं पिकायला हवी. परीक्षेच्या आठ दिवस आधी उघडू. अण्णा, तुझ्या मांगरात ठेव, जपून."

अण्णाने जपून ठेवली.

बारा दिवसांनी आम्ही जमलो. दारातच कुजक्या आंब्याचा वास. अण्णा ओशाळला. "आज उलटायचीच हाय, पाठीत उसण भरलीय." भाई काही न बोलता आत जाऊन बसले.

"बाटली कुठाय?" मी विचारलं.

"पिकतेय."

"म्हणजे?"

"आढीत घातलीय! हाच म्हणला ना कच्ची हाय म्हणून? चार वर्षं कोण थांबणार? हापूस आठ-दहा दिवसांत पिकतो, हिला बारा दिलेत. तय्यार असंल!"

मी आढीपाशी धावलो. पेंढ्यात हात घातला तर आत ताप आल्यासारखी गरमी. दोन थरांच्या मधे, फडक्यात नीट गुंडाळून, अण्णाने बाटली बाळंतिणीसारखी निजवली होती! वाइनला सावली लागते, गारवा लागतो. आढीत ती उकडते. बूच अर्धं बोट वर आलेलं, फडक्याला लाल डाग. उघडली, आणि करपलेल्या मुरंब्याचा भपकारा आला. वाइन मेलेली होती.

तरी मी ग्लासात ओतली. म्हटलं, भाई हुंगतील, ग्लास फेकतील, अण्णाला दोन शिव्या घालतील, मग रडायचं की हसायचं ते ठरवू.

भाईंनी ग्लास फिरवला. नाक आत घातलं. डोळे मिटले.

"अहाहा! पेन्सिलीचं लाकूड. काळं बोर. थोडी ओली माती. बघ बाळ्या, कशी आवाज न करता बोलतेय!"

अण्णाने मांडीवर थाप मारली. "बगितलंस! पिकली!"

*

मी हसलो नाही. संध्याकाळी भाईंना सड्यावर, कातळाच्या माळावर, फिरायला घेऊन गेलो. समुद्र दिसतो तिथे थांबलो आणि सरळ सांगितलं.

"भाई, वाइन मुरंबा झाली होती. तुम्ही आजोबांच्या बाटलीचं वर्णन म्हणून दाखवलंत. शब्दसुद्धा बदलला नाहीत."

त्यांनी मान डोलावली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापातून उठलो तेव्हापासून. काहीच वास येत नाही. ना सुकट, ना उदबत्ती. डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल."

"वहिनींना सांगितलंत?"

"वेडा आहेस का? ती झोपणार नाही."

मला राग आला. आठ महिने हा माणूस दर रविवारी आमच्याबरोबर बसतो, आंबे हुंगून दाखवतो, आणि सगळं नाटक! मी म्हटलं, "मग परीक्षा द्यायचीच कशाला? नाही म्हणून कळवा. कोण विचारणार आहे?"

"मला स्ट्रेचरवरून उतरवलं रे," भाई म्हणाले. "सगळा डायनिंग रूमचा स्टाफ रेलिंगला उभा होता. एकाने हात हलवला, मला त्याला हात करता येईना. बाळ्या, मला एकदा बोटीचा तो जिना माझ्या पायांनी उतरायचाय. युनिफॉर्म घालून. बस."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

*

वहिनींना कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. अण्णाला मात्र सांगितलं. त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं, "बाटली मी मारली," म्हणून. मी म्हटलं, अण्णा, तू ती आढीत घातली नसतीस तर आम्हाला कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी तिघेही भाईंकडे जेवायला. वहिनींनी आमटी वाढली. भाईंनी भुरका मारला. "वा! काय हिंगाची फोडणी बसलीय!"

मी आणि अण्णाने मान खाली घातली, कारण आमटीत हिंग नव्हताच.

वहिनी शांतपणे भात वाढत होत्या. "महिना झाला, मी हिंग घालत नाही. त्याआधी महिनाभर लसूण बंद होती. रोज कौतुक होतंय."

भाईंचा घास हातातच राहिला.

"विचारलं नाहीस ते?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. दूध करपलं तरी तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. मला काय कळत नाही?" एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला सांगितलंय ना त्यांनी? मग बरं झालं. उद्यापासून हिंग घालते. यांच्यापायी मी पण दोन महिने बेचव जेवतेय!"

त्या दिवसापासून वहिनींनी चार डब्या केल्या. लवंग, हिंग, कॉफी आणि सुकट. डॉक्टरांनीच सांगितलेला उपाय, भाईंनी लपवून ठेवलेला. रोज सकाळी एकेक डबी नाकाखाली. रोज सकाळी एकच उत्तर, "काही नाही."

*

उरला एक आठवडा, नाक नाही आणि बाटली नाही. राहिली जीभ.

मी रत्नागिरीच्या दुकानातून नाशिकच्या दोन-तीन तऱ्हेच्या कॅबर्ने आणल्या. भाई घोट घ्यायचे आणि हताश व्हायचे. "सगळ्या सारख्याच लागतात रे. नाकाशिवाय हे लाल पाणी आहे."

मग अण्णा पुढे झाला. जन्मात वाइनचा थेंब न घेतलेला माणूस, आणि आमचा मास्तर झाला!

"माज्याकडं बग. आंबा कधी काढतात? झाडावर सोळा आणे पिकला तर गेला. तो वास मारतो, गोड लागतो, पण उद्या सडतो. बारा आण्याला काढला तर आंबटढाण, आढीत सुरकुततो. चौदा आण्याला काढायचा. गोडी तयार, पण आंबटपणा हाय अजून, चीक हाय, ताठ हाय. तुज्या त्या म्हाताऱ्याच्या बापाची वाइन म्हंजे चौदा आणे. आणि तो जॅम म्हंजे झाडावर पिकून देठ सुटलेला. यात नाक कुठं लागतंय?"

भाईंनी खाली ठेवलेला ग्लास पुन्हा उचलला. बावीस वर्षं मी ट्रेनिंगची पुस्तकं बघितली होती, इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं.

मग सुरू झाली शिकवणी. अण्णाने एकाच कलमाचे बारा, चौदा आणि सोळा आण्यांचे आंबे कापून ठेवले. तुरटपणासाठी काजूचे बोंडू. आंबटासाठी कोकम. कच्चा तुरटपणा जीभ ओढतो, पिकलेला तुरटपणा फक्त हिरड्यांना धरतो. गोडी ओठावर थांबते की घोटाबरोबर जाते. घशाला ऊब कुठपर्यंत उतरते. भाई डोळे बांधून बसायचे, अण्णा फोड भरवायचा. "किती आणे?" "चौदा." "नाय, तेरा! परत!"

भाईंना एकट्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी आणि अण्णानेही नाकं बंद केली, कपड्यांचे चिमटे लावून. भाईंनी म्हटलं, मग मलाही एक द्या. आणि नेमके माझ्या होमस्टेचे पुण्याचे पाहुणे बाग बघायला आले! सकाळचे दहा. ओट्यावर तीन पुरुष, तिघांच्या नाकाला चिमटे, एकाच्या डोळ्यांवर टॉवेल, पुढे वाइन आणि आंब्याच्या फोडी.

"हे काय चाललंय?" पाहुण्यांनी विचारलं.

अण्णाने चिमटा न काढताच उत्तर दिलं. "कोकणातला स्पा. बुकिंग फुल्ल हाय."

*

परीक्षेचा दिवस.

नेटवर्क सगळ्यात बरं मिळतं ते मांगराच्या ओट्यावर, म्हणून लॅपटॉप तिथे लावला. चार बाटल्या, चार ग्लास, पांढरा टेबलक्लॉथ. भाईंनी इस्त्रीचा युनिफॉर्म घातला होता. तो त्यांना ढगळ झालेला बघून मला कसंतरी झालं.

अण्णा म्हणाला, "गाऱ्हाणं घालूया."

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. नारळ ठेवून, हात जोडून एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी हुंकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा! आज तुजं लेकरू परीक्षेला बसलंय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या जिभेवर बस. तां नेटवर्क धरून ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ती मॅडम कोण असंल तिला चांगली बुद्धी दे..."

"व्हय म्हा..." मी जोडलेले हात खाली घेतले. लॅपटॉपवर मॅडम दिसत होत्या. पाच मिनिटं लवकर आलेल्या, चष्मा नाकावर, सगळं बघत होत्या!

पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगतो. मॅडमनी विचारलं, "हे काय होतं?"

भाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "सर्व्हिसच्या आधीचं ब्रीफिंग, मॅडम."

*

पण नंतर कोणी हसलं नाही.

भाईंनी पहिला ग्लास घेतला. घोट, थांबले, थुंकले. दुसरा. तिसरा. चौथा. मग पुन्हा तिसरा. पुन्हा चौथा. कपाळावर घाम. मी खाली ओट्याच्या पायरीवर, कॅमेऱ्यात न येता बसलेलो. वहिनी मांगराच्या दारात उभ्या. तिसरा. चौथा. पुन्हा तिसरा.

मॅडम म्हणाल्या, "आधी मला वास सांगा. तिसऱ्याचा."

हे आम्ही घोकून ठेवलं होतं! पेन्सिल, काळं बोर, ओली माती. त्या वर्णनाला कोणी नाही म्हणालं नसतं. मी ओठ हलवून भाईंना खूण केली, बोला.

भाईंनी ग्लास खाली ठेवला.

"मॅडम, मला वास येत नाही. तापानंतर नाक गेलं. आठ महिने झाले."

पडद्यावर मॅडमचं तोंड अर्धवट उघडं, भुवया वर. हलत नव्हत्या. एक सेकंद, दोन, पाच. मग माझ्या लक्षात आलं की चित्रच अडकलंय. नेटवर्क गेलं होतं!

अण्णा हॉटस्पॉटचा मोबाइल घेऊन बागेच्या दगडी गडग्यावर चढला, हात वर करून उभा राहिला. दोन मिनिटं गेली असतील. भाई नुसते टेबलक्लॉथची घडी सारखी करत होते. मग चित्र हललं.

"सॉरी," मॅडम म्हणाल्या, "तुमचा आवाज गेला होता. मी वास विचारला, त्यानंतर काही ऐकू आलं नाही. परत सांगता का?"

देवाने पेपर कोरा करून हातात दिला होता. मी डोळ्यांनीच हात जोडले. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

भाईंनी घसा खाकरला. "मी म्हणालो, मॅडम, मला वास येत नाही. नाक गेलंय. जीभ आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या वेळी नेटवर्क चालू होतं.

"मग जिभेने सांगा."

"पहिला झाडावर पिकून गेलाय. दुसऱ्यात लाकूडच आहे, द्राक्ष शोधावं लागतं. चौथा चांगला आहे, पण थंड मुलुखातला. फ्रान्स असावा. तुरटपणा कोवळा आहे. तिसऱ्याचा तुरटपणा पिकलाय, पण गोडी ओठावर थांबत नाही. ऊन लागलंय, भाजलेलं नाही. तिसरा कॅलिफोर्निया. चौदा आणे."

"चौदा काय?"

अण्णा मोबाइल गडग्यावर ठेवून उतरून आला, कॅमेऱ्यासमोर डोकं घातलं आणि हातातला हिरवा आंबा मॅडमच्या तोंडापुढे नाचवला. "धिस! मॅडम, धिस! नॉट टुमारो, नॉट यस्टरडे!"

*

दहा दिवसांनी मेल आला. भाईंनी फोन माझ्या हातात दिला, मी वाचला.

"तिसरा ग्लास बरोबर. बाकीच्या बहुतेकांनी पहिल्यालाच हात घातला. वासाचे गुण शून्य. तुमची जागा ऑक्टोबरपर्यंत रिकामी ठेवते. नाक परत आलं तर या. आलं नाही तर तेही कळवा. तुम्ही खोटं सांगणार नाही, हे मला दोनदा कळलंय. पहिल्या वेळी आवाज पोचला होता."

भाईंनी मेल मला तीनदा वाचायला लावला. मग उठून डब्यांपाशी गेले. लवंग, हिंग, कॉफी, सुकट.

"काही नाही," ते म्हणाले.

असे पुढचे तीन आठवडे गेले. सकाळी मी मुद्दाम त्यांच्या अंगणात रेंगाळायचो आणि तेच दोन शब्द ऐकून परत यायचो. वहिनी डब्यांतलं सामान ताजं करत राहिल्या. भाई बोलायचे कमी झाले. ऑक्टोबर लांब आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो, आणि कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

*

मे संपत आला. अण्णाची शेवटची आढी.

रविवारी आम्ही मांगराकडे निघालो. त्या सकाळीही डब्या झाल्या होत्या, त्या सकाळीही काही नाही. वहिनींच्या हातात कोकम सरबताचं ताट. अण्णा पुढे, मोठ्या ऐटीत.

"बगून घ्या. काल उलटलीय. एक डाग नाय! शेवटची आढी अशीच पाहिजे."

मी आत गेलो. वहिनी आत आल्या. भाई आले नाहीत.

मागे वळून बघितलं तर ते दारात उभे होते. एक हात चौकटीवर.

"अण्णा," ते म्हणाले.

"काय रे?"

"दुसऱ्या थरात. डाव्या हाताला."

"माझ्या आढीत? काल मी स्वतः..." अण्णाने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं.

वहिनींच्या ताटातले पेले वाजायला लागले. मी ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं.

अण्णा गुडघ्यांवर बसला. पहिला थर उचलला, बाजूला ठेवला. डाव्या हाताला पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपत राहिला. मग हात बाहेर काढला. पाची बोटांना काळपट रस लागला होता.

त्याने तो हात आमच्यासमोर धरला, आणि ढसाढसा रडत ओरडला, "ह्या माणसाला घरात ठेवू नका! पाठवा त्याला बोटीवर!"